सतरा हात गेले कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोथरूडला राहते. माझी मुलगी न्यूजर्सीत असते आणि पुतण्या पेनसिल्व्हेनियात, दोघंही आता तिकडचे नागरिक, दोघांच्या घरांत गाडीनं तासाभराचं अंतर. २०२४ च्या निवडणुकीत पुतण्याला दिवसभर फोन, दारात कार्यकर्ते, पत्रकांचा ढीग, आणि मुलीकडे कोणी फिरकलं पण नाही. ती म्हणाली, आई मी मत दिलं काय नि नाही दिलं काय, इथला निकाल ठरलेलाच असतो. मला हे काही पटेना, देश एक, राष्ट्राध्यक्ष एक, मग मतामतात असा फरक का? तर आमचे हे म्हणतात, तू अमेरिकेला कशाला नावं ठेवतेस, आपला राष्ट्रपती तरी कुठे तू निवडतेस, तो पण आमदार-खासदारच निवडतात ना. हा वाद आमच्याकडे तेव्हापासून मिटलेला नाही. कोणाचं बरोबर?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, मुलगी सांगते ते अगदी खरं आहे. काकांचा मुद्दापण उडवून लावण्यासारखा नाही, पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्यात. आधी मुलीचं बघू.

अमेरिकेत लोक मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव बघूनच शिक्का मारतात, पण ते मत मोजलं जातं आपापल्या राज्यापुरतंच. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, असतात. किती, तर त्यांच्या लोकसभेत, हाउसमध्ये, त्या राज्याचे जितके सदस्य तितके आणि वर सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, दोन. हाउसचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीनं मिळालेले ३, असे झाले ५३८. त्यातले २७० ज्याच्याकडे तो जिंकला. इथपर्यंत ठीक आहे. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे, ५० पैकी ४८ राज्यांमध्ये ज्याला एक मत जरी जास्त पडलं त्याला त्या राज्याचे झाडून सगळे इलेक्टर मिळतात. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं थोडी वाटणी करतात.

आता न्यूजर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेलंय, त्याचे १४ इलेक्टर दोन्ही पक्ष आधीच हिशोबात धरून बसतात, मग तिथे कोण कशाला पैसा आणि वेळ घालवेल. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया, तिथे १९ इलेक्टर आणि कधी इकडे कधी तिकडे, त्यामुळे पुतण्याचा फोन थांबत नाही. २०२४ मध्ये सगळा प्रचार पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांभोवतीच फिरत होता. बाकीच्या त्रेचाळीस राज्यांतल्या माणसानं टीव्हीवर बघत बसायचं.

हे माझ्या डोक्यात नीट कधी उतरलं सांगू का? आमच्या सोसायटीत. तीन विंगा, प्रत्येकी वीस फ्लॅट. जुनी पाण्याची टाकी गळत होती, ती पाडून नवी बांधायची की टँकरवर भागवायचं असा विषय होता. कमिटीनं ठरवलं की प्रत्येक विंगनं आपापली मीटिंग घ्यायची आणि विंगचं म्हणून एकच मत कळवायचं. ए विंगमध्ये टाकीच्या बाजूनं ९ आणि विरोधात ११, बी विंगमध्ये पण तसंच ९ आणि ११, सी विंगला वरच्या मजल्यांवर पाणीच चढत नव्हतं त्यामुळे तिथे १७ बाजूनं आणि ३ विरोधात. निकाल काय लागला, दोन विंगा विरोधात, एक बाजूनं, टाकी रद्द. सगळ्या फ्लॅटची बेरीज केली तर ३५ जणांना टाकी हवी होती आणि २५ जणांना नको होती! सी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी नोटीस बोर्डासमोर हातात रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सेक्रेटरींना एवढंच विचारलं, "आमच्याकडे सतरा हात वर गेले होते हो, मी स्वतः मोजले, ते गेले कुठे?" कोणालाच उत्तर देता आलं नाही, मला पण नाही.

अमेरिकेत हेच झालंय आणि एकदा नाही. २००० साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा साधारण ५ लाख ४० हजार मतं जास्त होती, तरी फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडले म्हणून तिथले २५ इलेक्टर गेले आणि बुश २७१ वर जाऊन राष्ट्राध्यक्ष झाले. ५३७ म्हणजे आपल्याकडच्या एका बूथवरची मतं समजा. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, राष्ट्राध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प. त्याआधी १८७६ आणि १८८८ ला पण जास्त मतांचा उमेदवार घरी बसला होता. आणि २०२० चं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं कारण तिथे निकाल उलटला नाही म्हणून लोक ते विसरतात, जो बायडेन ७० लाखांच्या वर मतांनी पुढे होते पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून त्यांची आघाडी होती जेमतेम ४३ हजार. ती फिरली असती तर दोघांना २६९-२६९, आणि मग निवड हाउसमध्ये, तिथे तर प्रत्येक राज्याला एकच मत, कॅलिफोर्निया असो की वायोमिंग!

हे फक्त एका पक्षाचं रडगाणं नाही हे पण काकांना सांगा. २०२० ला ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यानं दिली माहितीये? कॅलिफोर्नियानं, ६० लाख, टेक्सासपेक्षाही जास्त. आणि त्या ६० लाखांचे इलेक्टर किती, तर शून्य. टेक्सासमधल्या डेमोक्रॅटचं पण तेच होतं. म्हणजे सी विंगचे सतरा हात दोन्ही पक्षांत आहेत.

आता हे असं का केलं असेल त्यांनी? १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहायला बसले तेव्हा जेम्स विल्सन यांनी थेट लोकांनी निवडावं असं सुचवलं होतं. पण देश पसरलेला, बातमी घोड्यावरून जाणार, दूरच्या माणसाला उमेदवार कोण कुठला हे कळायचं नाही ही एक अडचण होती. दुसरी अडचण जास्त कडू आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात लोक पटकन सांगत नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांची संख्या मोठी होती, त्यांना मताचा हक्क नाही, मग थेट मतदानात दक्षिणेचा आकडा कमी भरणार. ही अडचण घटना लिहिणाऱ्यांतल्याच जेम्स मॅडिसन यांनी तिथे बोलून दाखवली होती, आणि ते स्वतः दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे. हाउसच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब ठरला होता, इलेक्टर त्याच जागांवर बेतले की गुलामांना मत न देता त्यांच्या डोक्यांचं वजन मालकांच्या राज्याला मिळालं. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचाच होता, सगळं श्रेय या हिशोबाला नाही देता येणार, जॉर्ज वॉशिंग्टन तर कुठल्याही पद्धतीनं निवडून आलेच असते, पण त्याचा हातभार लागला हे नक्की. मला या पद्धतीबद्दल जो राग आहे तो इथून सुरू होतो.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात लहान राज्यांना यामुळे संरक्षण मिळतं, नाहीतर उमेदवार न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो एवढंच फिरतील. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि इलेक्टर ३, कॅलिफोर्नियाची साडेतीन कोटींच्या पुष्कळ वर आणि इलेक्टर ५४, गणित केलं तर वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे दोन लाखांहून कमी माणसं आणि कॅलिफोर्नियात सव्वासात लाख. म्हणजे कागदावर वायोमिंगच्या माणसाचं वजन जवळजवळ चौपट. पण प्रत्यक्षात वायोमिंगला कोण जातं प्रचाराला? कोणीच नाही, कारण तिथला निकाल पण ठरलेला. मग संरक्षण कोणाला मिळालं, लहान राज्याला की काठावरच्या राज्याला? हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

त्यांचा एक मुद्दा मात्र मी मानते. निकाल अटीतटीचा झाला तर फेरमोजणी एका राज्यापुरती राहते, २००० ला फक्त फ्लोरिडाच्या मतपत्रिका भिंगाखाली गेल्या, थेट मोजणी असती तर देशभरातली पेटी न पेटी उघडा म्हणाले असते, आणि तिथे आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, यंत्रं वेगळी, मतदार यादी वेगळी. थेट मतदान आणायचं तर हे आधी सुधारावं लागेल, नुसतं बेरीज करा म्हणून चालणार नाही.

आता काकांकडे येते. आपला राष्ट्रपती संसदेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार निवडतात, दिल्ली आणि पुदुच्चेरी धरून, आणि प्रत्येकाच्या मताला मूल्य असतं. एकदा कागद-पेन घेऊन बसा काकांबरोबर, मजा येते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागाकार केला, पुन्हा हजारानं भागलं, उत्तर १७५. हे आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७. पुणे जिल्ह्यात २१ आमदार, म्हणजे २१ गुणिले १७५, अख्ख्या जिल्ह्याचं वजन ३,६७५. २०२२ ला एकूण बेरीज होती १०,८६,४३१ आणि द्रौपदी मुर्मू यांना पडली ६,७६,८०३. आमदारांच्या सगळ्या मतांची बेरीज एका पारड्यात आणि खासदारांची दुसऱ्या पारड्यात, दोन्ही जवळपास सारखी राहतील असंच खासदाराचं मूल्य काढतात, २०२२ ला ते ७०० होतं. राज्यं आणि केंद्र दोघांचा मान राखलाय यात, हे मला फार आवडतं.

आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे राज्याचा गठ्ठा होत नाही. महाराष्ट्रातले १६० आमदार एकीकडे आणि १२८ दुसरीकडे असतील तर ते तसेच मोजले जातात, सगळे २८८ एका उमेदवाराच्या खात्यात ओतत नाहीत. मत गुप्त, पक्षाचा व्हिप नाही, पसंतीक्रम द्यायचा, आणि निम्म्याहून जास्त मूल्य मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नाही, १९६९ ला व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत पुरेसे नव्हते, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर निम्म्याचा आकडा ओलांडून त्यांनी नीलम संजीव रेड्डींना हरवलं. २००७ ला शिवसेना भाजपच्या आघाडीत, एनडीएत, असून काँग्रेसच्या बाजूच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील मराठी म्हणून त्यांच्या मागे उभी राहिली, तेही याच मोकळीकीमुळे.

पण काकू, खरा फरक मताच्या मोजणीत नाहीये, खुर्चीत आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देश चालवतो, सैन्य त्याच्या हुकमात, मंत्री त्याचे, संसदेनं केलेला कायदा अडवायची ताकद त्याच्याकडे. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो. संविधान सभेत के. टी. शाह यांनी राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा अशी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही, आणि कारण अगदी साधं होतं, कोट्यवधी लोकांनी थेट मत देऊन एक माणूस बसवायचा आणि त्याच्या हातात कारभारच नाही द्यायचा, तर एक तर लोकांची फसवणूक किंवा मग तो पंतप्रधानांशी भांडत बसणार. त्यामुळे माझं म्हणणं असं, ज्याच्या हातात कारभार आहे त्याच्यासाठी लोकांचं थेट मत हवं आणि ते मत डेलावेअर नदीच्या दोन्ही काठांवर सारखंच मोजलं जायला हवं. ज्याच्या हातात कारभार नाही त्याला प्रतिनिधींनी निवडलं तर तुमचं-माझं काही हिरावलं जात नाही.

काकांना बरोबर धरायचंच असेल तर एका गोष्टीत धरा. आपल्याकडेही मतं सारखी राहिलेली नाहीत. लोकसंख्येचा आकडा अजून १९७१ चाच धरतात, ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं नुकसान नको म्हणून तो गोठवला, हेतू चांगला होता. पण त्या १७५ मध्ये पुण्याभोवती नंतर वाढलेलं ना हिंजवडी आहे ना वाकड ना आत्ताचं वाघोली. आणि चिंचवड मतदारसंघात सहा लाखांच्या वर मतदार, कसब्यात तीन लाखांच्याही आत, दोन्हीकडचा आमदार एकच आणि मूल्य पण १७५ च. चिंचवडच्या माणसानं यावर बोललं पाहिजे, अमेरिकेवर बोलण्याइतक्याच तळमळीनं.

आणि हो, टाकीचं राहिलं. पुढच्या सभेत आजींनी हट्टच धरला, सगळ्या विंगा पार्किंगमध्ये एकत्र बसल्या, साठ फ्लॅटचे हात एकदम मोजले आणि टाकी झाली.

प्रश्न : मॅडम, मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इलेक्टर ही खरीखुरी माणसं असतात ना, मग त्यांनी ऐनवेळी दुसऱ्यालाच मत दिलं तर?
एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : देतात कधीकधी. २०१६ मध्ये सात जणांनी दिलं, म्हणून ट्रम्प ३०६ च्या ऐवजी ३०४ आणि क्लिंटन २३२ च्या ऐवजी २२७ वर आल्या, निकालावर परिणाम झाला नाही. २०२० ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की इलेक्टरनं राज्याचा कौल पाळलाच पाहिजे असा कायदा राज्य करू शकतं, न पाळणाऱ्याला शिक्षाही करू शकतं. परीक्षेला हा मुद्दा हमखास लिही, पण जीव त्यात अडकवू नकोस, दुखणं इलेक्टरच्या बेइमानीत नाही, एक मत जास्त म्हणून अख्खं राज्य देऊन टाकण्यात आहे, आणि राज्याचे सगळे इलेक्टर एकालाच द्या असं घटनेनं सांगितलेलंच नाही, ते राज्यांनी आपापल्या कायद्यानं करून घेतलंय.

ते बदलायचे प्रयत्न पण अभ्यासात घे. १९६९ ला हाउसनं ३३८ विरुद्ध ७० मतांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मंजूर केली होती, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता, सिनेटमध्ये काही जणांनी भाषणं लांबवून लांबवून १९७० ला ती मारली. इतकं जवळ येऊन गेलं ते. आता राज्यांचा एक करार चालू आहे, २००७ ला मेरीलँडनं सुरुवात केली, त्यात असलेली राज्यं म्हणतात की आम्ही आमचे इलेक्टर देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ, मात्र करारातल्या राज्यांचे मिळून २७० झाल्यावरच. २०२४ ला मेन आलं तेव्हा आकडा २०९ झाला. त्यात बहुतेक सगळी डेमोक्रॅटिक राज्यं आहेत ही त्याची मोठी कमजोरी, रिपब्लिकन राज्यातला माणूस याला विरोधकांचा डाव समजतो. २०२४ ला ट्रम्प इलेक्टरमध्ये ३१२-२२६ आणि मतांतही पुढे होते, त्यामुळे आता तरी दोन्ही बाजूंनी शांत डोक्यानं बोलावं, कोणाच्या जखमेवर मीठ न चोळता.

प्रश्न : ताई, आमच्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडतात, मग पुण्याचा महापौर का नाही? तुम्ही लोकमताच्या बाजूच्या दिसता.
एक वाचक, सासवड

उत्तर : दादा, प्रश्न एकदम वर्मावर बोट ठेवणारा आहे. नगराध्यक्षाचं आपल्या राज्यात काय झालं बघा, २०१६ ला थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट, सरपंचाचंही असंच, सरकार बदललं की पद्धत बदलली. लोकांना काय हवं हे कोणी विचारलं नाही, आपल्याला काय सोयीचं ते बघितलं. आणि थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं झालं की गटाराच्या कामाचा ठराव सुद्धा महिनोन्‌महिने अडकतो, हे तुमच्यासारख्या गावांनी सोसलंय.

पुण्याचा महापौर नगरसेवक आपल्यातूनच निवडतात, अडीच वर्षांसाठी, कुठल्या प्रवर्गाचा ते आरक्षणाच्या सोडतीत ठरतं, आणि कारभाराचा अधिकार आयुक्तांकडे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, माझ्या गल्लीतला खड्डा कोणाला दाखवायचा हेच कळत नव्हतं. मला थेट निवडलेला महापौर हवाय, पण आधी बजेट त्याच्या सहीनं निघू दे, अधिकारी त्याला जबाबदार असू देत, पाच वर्षं त्याच्या हातात असू देत, मग मतपेटी आणा, मी सकाळी सात वाजता रांगेत पहिली असेन. आत्ता आहे त्या खुर्चीसाठी अख्ख्या पुण्याला रांगेत उभं करायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसानं सांगायचं की पाण्याचा विषय माझ्याकडे येत नाही, आयुक्तांना भेटा, याला मी लोकमत म्हणणार नाही.